जिरहचे दस्ताने : कडीचे माप, हातावरची बांधणी आणि मजुरीचा हिशेब

परदेशी गिऱ्हाइकाकडून माल परत आला की पहिला आळ विणणाऱ्या कारागिरावर येतो. कडी सैल होती, तार हलकी होती, असे व्यापारी म्हणतो आणि मजुरी कापतो. पण तक्रारीचा कागद नीट वाचला तर त्यात अनेकदा दुसरेच लिहिलेले असते. हात खाली सोडला की दस्ताना मनगटावर घसरतो, कोपर वाकवले की कातडीला चिमटा बसतो, वादी ओढली की काठाच्या कड्या उघडतात. हा दोष विणकामाचा नसून बांधणीचा आहे. विणकाम उत्तम आणि बांधणी कच्ची असेल तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून या लेखात कोपर ते मनगट या भागासाठी हाताने विणलेला जिरहचा दस्ताना कसा करावा, तो हातावर पक्का कसा बसवावा आणि त्याचा भाव कसा काढावा, याची माहिती देत आहोत.

जुना हुनर, नवी मागणी

जिरह म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत ओवून केलेले वस्त्र. आपल्या मराठीतला ‘जिरेटोप’ हा शब्द याच फारसी शब्दापासून आला आहे. अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’तील शस्त्रसामग्रीच्या यादीत जिरहही आहे आणि हातासाठीचा दस्तवानाही आहे. कुरआन शरीफच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.स.) यांच्या जिरहकामाचा उल्लेख येतो, आणि तेथेही कड्यांचे माप राखण्याची गोष्ट आहे. लोहारकामात मापाला किती मान आहे, हे यावरून दिसते.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि हैदराबादचे सालारजंग म्युझियम येथे जुनी शस्त्रे व चिलखते पाहायला मिळतात. ज्याला या धंद्यात उतरायचे आहे त्याने एक दिवस काढून अशा ठिकाणी जावे आणि काचेपाशी उभे राहून काठ, वाद्या आणि बक्कल कसे लावले आहेत ते बघावे. हिंदुस्थानी आणि इराणी पद्धतीत हातासाठी बहुधा पोलादी पत्र्याचा बाजूबंद असे. मोठा पत्रा मनगटापासून कोपरापर्यंत हाताची बाहेरची बाजू झाकी, लहान पत्रा मनगटाच्या आतल्या बाजूला बिजागरीने जोडलेला असे, आणि पंजावर जिरहचे किंवा गादी भरलेल्या कापडाचे आवरण येई. लोखंडाच्या कड्यांत पितळ व तांब्याच्या कड्या घालून नक्षी काढायचीही पद्धत होती. तिला गंगाजमनी काम म्हणतात.

आजची मागणी लढाईसाठी नाही. युरोप-अमेरिकेत जुन्या काळच्या लढाया पोशाखासह उभ्या करणारी हौशी मंडळे आहेत, जत्रा भरतात, नाटके आणि सिनेमे होतात. या गिऱ्हाइकांसाठी देहरादून, रुडकी, मुरादाबाद या भागांतून चिलखते, शिरस्त्राणे आणि जिरह निर्यात होते. आपल्याकडे तारकाम, चामड्याचे काम आणि शिवणकाम जाणणारे कारागीर पुष्कळ आहेत. दस्ताना ही लहान वस्तू असल्यामुळे भांडवल थोडे लागते आणि नमुना लवकर तयार होतो. मात्र २००१ ते २००३ या काळात आलेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या सिनेमांसाठी न्यूझीलंडमध्ये बरीचशी जिरह प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे कापून तयार केली होती, हेही ध्यानात ठेवावे. दिखाऊ माल प्लॅस्टिकचाही चालतो. लोखंडी मालाला भाव मिळायचा तर तो वजनाने, सफाईने आणि हातावर नीट बसण्यानेच मिळेल.

तार कोणती घ्यावी

बाजारात चार प्रकारच्या तारा सहज मिळतात. पहिली जस्ताचा मुलामा दिलेली जी.आय. तार. ती स्वस्त असते आणि लवकर गंजत नाही. दुसरी साधी काळी लोखंडी तार. ती नरम असते, पण तेल दिले नाही तर पावसाळ्यात आठवड्यात गंजते. तिसरी ३०४ जातीची स्टेनलेस तार. ती टिकाऊ आणि चकचकीत असते, पण कडक असल्याने हात लवकर दुखतात. चौथी ॲल्युमिनियमची. ती लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाची असते आणि नाटकवाल्यांना आवडते, पण कपड्याला काळा डाग लावते.

एक धोक्याची सूचना. जी.आय. तार कधीही भट्टीत लाल करू नये, तिला गॅसने किंवा वेल्डिंगने डागही देऊ नये. तापल्यावर जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. तार नरम करायची असेल तर काळी तारच घ्यावी, ती लालसर होईपर्यंत तापवावी आणि राखेत सावकाश निवू द्यावी.

कडीचे माप

जिरहचे सारे गणित दोन आकड्यांवर चालते. एक तारेची जाडी आणि दुसरा कडीचा आतला व्यास. आतल्या व्यासाला जाडीने भागले की जो आकडा येतो त्यावर विणीचा घट्टपणा ठरतो. सर्वांत प्रचलित वीण चौकडीची आहे, म्हणजे प्रत्येक कडीत चार कड्या अडकतात. या विणीसाठी हा आकडा ४ ते ५ च्या आसपास असावा. ३ च्या खाली गेला तर कड्या एकमेकींत बसत नाहीत. ६ च्या वर गेला तर जाळी विरळ दिसते आणि नुसत्या मिटलेल्या कड्या ओढ बसताच उघडतात.

आपण उदाहरणासाठी १.६ मिलिमीटर जाडीची तार आणि ८ मिलिमीटर आतला व्यास धरू. भागाकार बरोबर ५ येतो. एका कडीला किती तार लागेल? आतल्या व्यासात तारेची जाडी मिळवा, म्हणजे ९.६, आणि त्याला ३.१४ ने गुणा. सुमारे ३० मिलिमीटर येतात. म्हणजे एक मीटर तारेत ३३ कड्या. लोखंडी तारेची अशी एक कडी अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित कमी भरते.

कड्या पाडण्यासाठी ८ मिलिमीटरची गुळगुळीत सळई लाकडी चौकटीत बसवावी. तिच्या एका टोकाला हँडल आणि दुसऱ्या टोकाजवळ तार अडकवायला बारीक भोक असावे. तार ताणून धरून वेढे शेजारी शेजारी, फट न ठेवता घ्यावेत. हात सोडला की स्प्रिंग थोडी उलटते आणि व्यास किंचित वाढतो. कडक तारेत ही वाढ जास्त असते. म्हणून नवीन बंडल उघडले की आधी दहा वेढे घेऊन मोजावेत आणि मगच सळई पक्की करावी.

कापताना मोठी चूक होते. साध्या कातरीने कापले तर तारेची टोके चिमटून पाचरीसारखी होतात आणि मिटवल्यावरही फट राहते. या फटीत गिऱ्हाइकाचा सदरा अडकतो. बारीक पात्याच्या करवतीने स्प्रिंग उभी चिरली तर टोके सपाट येतात आणि एकमेकांना बरोबर भिडतात. कापताना चष्मा लावलाच पाहिजे, कारण तुटलेले टोक डोळ्यात उडू शकते.

मिटलेली कडी आणि रिपिटाची कडी

धंद्यात दोन प्रकार चालतात. मिटलेल्या कडीत टोकाला टोक भिडवतात, बाकी काही नाही. हे काम झपाट्याने होते आणि माल स्वस्त पडतो. रिपिटाच्या कडीत टोके एकमेकांवर चढवतात, हातोड्याने सपाट करतात, भोक पाडतात आणि बारीक रिपिट ठोकतात. जुनी खरी जिरह अशीच असे. कित्येक जुन्या चिलखतांत एक ओळ रिपिटाच्या कड्यांची आणि एक ओळ सांधा नसलेल्या अखंड कड्यांची, अशी आलटून पालटून वीण आढळते.

रिपिटाची कडी करायची तर टोके चढवल्यामुळे व्यास कमी होतो, हे आधीच धरावे. ५ मिलिमीटर टोक चढवले तर व्यास सुमारे १.६ मिलिमीटरने घटतो. म्हणजे ८ ची कडी हवी असेल तर सळई ९.५ च्या आसपास घ्यावी. तार नरम केलेली असावी, नाहीतर सपाट करताना चिरते. भोक तारेच्या मधोमध यावे. काठाकडे गेले तर कडी तेथेच फाटते.

गिऱ्हाइकाशी बोलताना कोणता प्रकार देणार ते साफ शब्दांत लिहून द्यावे. मिटलेल्या कडीचा माल रिपिटाचा म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि परदेशी हौशी माणूस ती हातात घेताच ओळखतो.

हाताचे माप कसे घ्यावे

दस्तान्याखाली काय घातले जाणार ते आधी विचारावे. उघड्या कातडीवर जिरह बसत नाही. ती केस ओढते, घामाने गंजते आणि घसरते. खाली जाड सुती किंवा गादी भरलेली बाही हवी. म्हणून माप बाही चढवूनच घ्यावे. चार मापे लागतात.

पहिले, कोपराच्या घडीपासून दोन बोटे खाली हाताचा घेर. दुसरे, त्याखाली स्नायू सर्वांत फुगतो तेथला घेर. तिसरे, मनगटाच्या हाडाच्या किंचित वरचा घेर. चौथे, कोपराखालच्या खुणेपासून मनगटाच्या खुणेपर्यंतची लांबी. माप घेताना मूठ आवळायला सांगावे, कारण मूठ आवळली की स्नायू फुगतो.

समजा जाड घेर ३३ सेंटिमीटर, मनगट २२ सेंटिमीटर आणि लांबी २२ सेंटिमीटर आली. दस्ताना अखंड नळीसारखा केला तर मनगटाकडचे तोंड पंज्यातून चढणार नाही, कारण पंजा मनगटापेक्षा रुंद असतो. तोंड पंज्याएवढे मोठे ठेवले तर ते मनगटावर लोंबते. म्हणून हाताच्या आतल्या बाजूला उभा चिरा ठेवून तो वादीने आवळणे हाच सरळ उपाय. चिऱ्यासाठी ३ सेंटिमीटर सोडले की विणीची रुंदी वर ३० आणि खाली १९ सेंटिमीटर राहते. वादी कमी-जास्त आवळता येत असल्याने एकच माल थोड्या बारीक आणि थोड्या जाड हातालाही चालतो. ठोक मालाला याचा मोठा फायदा.

विणायची पद्धत

आधी तळहाताएवढा तुकडा विणावा आणि दोन्ही दिशांनी ओढून पाहावा. एका दिशेने तो लवकर पसरतो व आकसतो, दुसऱ्या दिशेने कमी. पसरणारी दिशा हाताभोवती आली पाहिजे, म्हणजे स्नायू फुगला की जिरह त्याच्याबरोबर पसरेल. दिशा उलटी पडली तर दस्ताना हाताला लागतो आणि काठावर ओढ येते. याच तुकड्यावर दहा सेंटिमीटरच्या चौकोनात किती कड्या बसल्या ते मोजून ठेवावे. पुढचा सारा हिशेब त्यावर आहे.

समजा आपल्या तुकड्यात ओळीतील कड्यांचे अंतर ९ मिलिमीटर आणि दोन ओळींतील अंतर ६.६ मिलिमीटर आले. मग वरच्या ३० सेंटिमीटरच्या ओळीत ३३ कड्या, खालच्या १९ सेंटिमीटरच्या ओळीत २१ कड्या आणि २२ सेंटिमीटर लांबीत ३३ ओळी बसतील. सरासरी २७ कड्यांच्या ३३ ओळी, म्हणजे एका हाताला ८९१ कड्या, जोडीला १,७८२. एका हाताचे वजन सुमारे ४२५ ग्रॅम. कापताना जाणारी तार धरून जोडीला ६० मीटर, म्हणजे साधारण ९५० ग्रॅम तार लागेल.

कामाला बसण्यापूर्वी निम्म्या कड्या मिटून आणि निम्म्या उघडून ठेवाव्यात. कडी उघडताना टोके समोरासमोर फाकवू नयेत. एक टोक पुढे आणि एक मागे असे वळवून उघडावी, तशीच वळवून मिटवावी. त्यामुळे गोलाई मोडत नाही. मिटवताना टोके किंचित पलीकडे नेऊन परत आणावीत, म्हणजे ती एकमेकांवर दाब देऊन बसतात.

एका उघड्या कडीत चार बंद कड्या ओवून ती मिटवली की पाच कड्यांचा एक घोस होतो. असे घोस जोडून पट्टी होते, आणि पट्ट्या जोडून कापड होते. प्रत्येक पट्टीत कड्यांचा कल एकाच बाजूला आहे ना, ते जोडण्याआधी पाहावे. उलटी पट्टी जोडली तर मधली ओळ वाकडी दिसते आणि सगळे उसवावे लागते.

चिरा असलेल्या सपाट विणकामात प्रत्येक ओळ अर्ध्या कडीने सरकते. काठ सरळ ठेवण्यासाठी एका ओळीत उजव्या काठाला आणि पुढच्या ओळीत डाव्या काठाला एक कडी केवळ एकाच कडीत अडकवावी.

हात कोपराकडे जाड आणि मनगटाकडे बारीक असल्याने ३३ कड्यांवरून २१ वर यायचे आहे. म्हणजे १२ कड्या घटवायच्या. घटवण्याची रीत सोपी आहे. नेहमी नवी कडी वरच्या ओळीतील दोन कड्यांत जाते, ती एके ठिकाणी तीन कड्यांत घालावी. पुढची ओळ एका कडीने कमी होते. ३३ ओळींत १२ घट म्हणजे दर दोन-तीन ओळींनंतर एक. सर्व घट एकाच रेषेत घेऊ नयेत, तेथे गाठीसारखा फुगवटा येतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा वाटून घ्याव्यात आणि हाताच्या आतल्या बाजूकडे ठेवाव्यात, म्हणजे बाहेरून वीण एकसारखी दिसते. घट न घेता चौकोनी तुकडा गुंडाळून देणारे पुष्कळ आहेत. तो माल मनगटाजवळ चुणीदार होतो आणि घसरतोही.

दस्ताना घसरतो का, आणि कसा थांबवावा

हात खाली लोंबला की सारे वजन मनगटाकडे ओढले जाते, आणि तिकडेच हात बारीक होत जातो. म्हणजे अडवायला काहीच नाही. पत्र्याचा बाजूबंद आपल्या ताठपणामुळे जागेवर उभा राहतो. जिरह कापडासारखी लवचिक असल्याने ती गोळा होऊन खाली येते. नुसती वादी करकचून आवळली तर थोडा वेळ धरते, पण बोटे बधिर होतात. उपाय चार आहेत, आणि चांगल्या मालात ते चारही असतात.

पहिला उपाय वरच्या पट्ट्याचा. एक इंच रुंद चामड्याचा पट्टा कोपराच्या घडीपासून दोन बोटे खाली, म्हणजे स्नायूच्या फुगवट्याच्या वर बसवावा. तेथे हात फुगवट्यापेक्षा थोडा बारीक असतो. पट्टा खाली सरकू लागला की फुगवटा त्याला अडवतो. हाच पट्टा फुगवट्याच्या खाली लावला तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा उपाय अस्तराचा. जाड सुती कापडाची किंवा नरम चामड्याची बाही कापून जिरह तिच्यावर टाचावी. वरच्या काठाची प्रत्येक दुसरी कडी मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने शिवावी आणि मध्ये चार बोटांच्या अंतराने टाके द्यावेत. असे केले की वजन एका काठावर न येता सगळ्या बाहीवर वाटले जाते. टाके थोडे सैल ठेवावेत, नाहीतर जिरहचा पसरण्याचा गुण जातो.

तिसरा उपाय टांगण्याचा. पोशाखाच्या बाहीला कोपराच्या वर दोन भोके पाडून त्यांत वाद्या ओवाव्यात आणि दस्तान्याच्या वरच्या चामडी काठाला बांधाव्यात. मग वजन दंडावरच्या बाहीने उचलले जाते. युरोपातील जुन्या पोशाखांत चिलखताचे भाग गादीच्या अंगरख्याला असेच बांधलेले असत. वादी कोपराच्या बाहेरच्या बाजूला असावी, आतल्या घडीत आली तर टोचते.

चौथा उपाय मनगटाचा. खालच्या काठाला अर्धा इंच रुंद पट्टा आणि लहान बक्कल द्यावे. हा पट्टा वजन धरण्यासाठी नसून दस्ताना फिरू नये यासाठी आहे. म्हणून तो हलकाच आवळायचा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बक्कल किंवा वादी कधीही एक-दोन कड्यांत अडकवू नये. मिटलेली कडी अशी ओढ सोसत नाही. चिऱ्याच्या दोन्ही काठांना चामड्याची पट्टी द्यावी आणि काठाची प्रत्येक कडी त्या पट्टीला बारीक वादीने ओवावी. मग पट्टीला छिद्रे पाडून त्यांत पितळी डोळे बसवावेत आणि आवळायची वादी त्यांतून घ्यावी. ओढ चामड्यावर येते, आणि चामडे ती साऱ्या काठावर वाटते. काठाच्या शेवटच्या दोन ओळी रिपिटाच्या केल्या तर खर्च थोडा वाढतो, पण माल कित्येक पटींनी टिकतो.

माल बांधण्यापूर्वीची तपासणी

जुनी मलमलची ओढणी दोन्ही बाजूंनी फिरवावी. जेथे धागा अडकेल तेथली कडी उघडी आहे. मग दस्ताना हातात चढवून हात वीस वेळा झटकावा, खाली लोंबता ठेवून पन्नास पावले चालावे, मूठ उघडझाप करावी, कोपर पूर्ण वाकवावे. वरचा काठ एक बोटापेक्षा जास्त खाली आला तर पट्ट्याची जागा बदलावी. पट्ट्याखाली एक बोट सहज शिरले पाहिजे. बोटाच्या टोकावर दाब देऊन सोडल्यावर रंग लगेच परतला नाही तर बांधणी फार घट्ट आहे असे समजावे.

विणताना लागलेला काळा मळ कोरड्या लाकडी भुशात माल घोळवला की निघतो. त्यानंतर काळ्या तारेच्या मालाला पातळ तेलाचा हात द्यावा, जादा तेल पुसावे आणि मगच कागदात गुंडाळावा. पावसाळ्यात ओल्या पुठ्ठ्यात माल भरू नये. बंदरावर पोहोचेपर्यंत गंज चढतो.

युरोपात माल जाणार असेल तर दोन नियम लक्षात ठेवावेत. कातडीला सतत लागणाऱ्या धातूच्या वस्तूतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. म्हणून निकेलचा मुलामा दिलेली स्वस्त बक्कले टाळावीत, पितळी किंवा स्टेनलेसची घ्यावीत. तसेच कातडीला लागणाऱ्या चामड्यात सहा संयुजेचे क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेला माल २०१५ च्या मे महिन्यापासून तेथे चालत नाही. चामडे घेताना टॅनरीवाल्याकडून तपासणीचा कागद मागून घ्यावा.

खाटीक बांधवांसाठी एक सावधगिरी

मांस कापणाऱ्यांसाठीही जाळीचे हातमोजे आणि कोपरापर्यंतचे दस्ताने मिळतात. ते पाहून काही जण विचारतील की आपला हातविणीचा माल दुकानात वापरता येईल का. याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. सुरीपासून रक्षण करणारे ते दस्ताने बारीक स्टेनलेस कड्यांचे असतात, त्यांची प्रत्येक कडी वेल्डिंगने बंद केलेली असते, आणि ‘आयएसओ १३९९९’ या मानकाप्रमाणे त्यांची भोसकण्याची चाचणी होते. मिटलेली कडी सुरीच्या टोकाने उघडते. शिवाय फटींत मांस आणि चरबी अडकून कुजते. पोशाखाचा दस्ताना सुरक्षेचा म्हणून विकणे म्हणजे दुसऱ्याचा हात धोक्यात घालणे. मालासोबतच्या चिठ्ठीवर ‘फक्त पोशाखासाठी’ असे छापावे.

भाव कसा काढावा

आता पोटाचा प्रश्न. हे काम बहुतेक घरी, आणि पुष्कळदा बायकांच्या हातून होते. नगावर मजुरी ठरते आणि तास कोणी मोजत नाही. नुकसान येथेच होते. पुढचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून आहेत. आपापल्या गावचे दर घालून हिशेब करावा.

समजा एक हात तासाला १५० कड्या विणतो. जोडीच्या १,७८२ कड्यांना सुमारे १२ तास लागले. कड्या पाडणे व कापणे ३ तास, चामडे व अस्तर ३ तास, एकूण १८ तास. तासाला ७५ रुपये मजुरी धरली तर १,३५० रुपये. तार १२० रुपये, चामडे व बक्कले २५० रुपये, अस्तर व दोरा १०० रुपये, म्हणजे सामान ४७० रुपयांचे. बेरीज १,८२०. त्यावर मोडतोड, वीज व जागा यांसाठी दहा टक्के धरले की सुमारे २,००० रुपये होतात. यात नफा अजून आलेला नाही.

आता एखादा व्यापारी जोडीला १,२०० रुपये देऊ लागला तर काय होते? सामानाचे ४७० वजा केले की ७३० उरतात. त्यांना १८ तासांनी भागले तर तासाला ४० रुपये पडतात. हा आकडा समोर ठेवून बोलणी केली तर बोलणे वेगळे होते. विणकाम बाहेर द्यायचे असेल तर नगाऐवजी शेकड्याचा दर ठरवावा. वरील हिशेबात १२ तासांचे ९०० रुपये १,७८२ कड्यांवर वाटले की शेकडा ५० रुपये येतात. शेकड्याचा दर ठेवला की लहान-मोठ्या मापाचा वाद राहत नाही, आणि केलेले काम दोघांनाही मोजता येते.

व्यापाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माल परत येण्याचा खर्च मजुरी वाचवून भरून निघत नाही. पहिल्या जोडीचे माप, तारेची जाडी, कडीचा व्यास, पट्ट्याची जागा आणि प्रकार एका कागदावर लिहावा, त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि नमुन्याचा एक दस्ताना कारागिराकडे, एक आपल्याकडे ठेवावा. पुढे तक्रार आली तर दोन्ही दस्ताने शेजारी ठेवून दोष कोणाचा ते पाहता येते. ज्याचा दोष असेल त्याने भरपाई करावी. परस्पर मजुरी कापण्याचा मार्ग बंद व्हावा.

सुरुवात करणाऱ्याने एकदम शंभर जोड्यांची ऑर्डर घेऊ नये. आधी पाच जोड्या करून पाच वेगवेगळ्या हातांवर चढवून पाहाव्यात, घड्याळ लावून तास मोजावेत, तार वजन करून घ्यावी आणि आपला स्वतःचा हिशेब वहीत मांडावा. आपल्या मालाला किती कड्या, किती तास आणि किती तार लागते हे ज्याच्या वहीत लिहिलेले आहे, त्याला बाजारात बसून भाव सांगताना अडखळावे लागत नाही.